अंथरुणाजवळचा रोजमेळ



या स्तंभात मी सहसा मुदतठेवी, वारसनोंद, लॉकरचे करारपत्र अशा विषयांवर लिहितो. गेल्या महिन्यात लालबागहून एका भगिनींचा दूरध्वनी आला, तोही खात्याविषयीच. सासरे अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांची सही बदलली होती आणि धनादेश परत येत होते. त्यावर काय करायचे ते मी सांगितले. दूरध्वनी ठेवता ठेवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, आणखी एक विचारायचं होतं, पण कसं विचारू कळत नाही." सासऱ्यांना सतत थेंब थेंब लघवी होत होती, दिवसाला चार-पाच डायपर लागत होते आणि तरीही ते ओटीपोट दुखते म्हणून कण्हत होते. घरातील सर्वांची समजूत अशी की वयोमानाने ताबा सुटला आहे, आता हे असेच चालायचे.

मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला सांगितले. मी डॉक्टर नाही. परंतु २००९ साली हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर मी पूर्णपणे चुकीचे काढले होते. बँकेच्या विषयाला या महिन्यापुरती रजा देऊन ती चूक आज वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही तेव्हा गिरगावातील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, आत मोरी, आणि शौचालय गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांचे मिळून. आमच्या दारापासून तिथवर सदतीस पावले होती. हा आकडा बापूजींचा. त्यांनी मुळजी जेठा मार्केटमधील एका कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे मेहताजी म्हणून काम केले होते, आणि मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या वर्षी जानेवारीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते त्याच गॅलरीत पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि पंधरा दिवसांनी दोन माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना जिना चढवून घरी आणले.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की कोणालाही काही न सांगता पाणी पिणे कमी केले. दिवसभर घरात माझी पत्नी एकटी असे. सुनेकडे लघवीचे भांडे मागायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. ती उकळून गार केलेले पाणी पेल्यात भरून उशाशी ठेवी, तासाभराने पेला रिकामा दिसे आणि तिला बरे वाटे. ते पाणी खिडकीतील कुंडीत जात होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. सकाळी मी कचेरीत जाण्यापूर्वी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा, एवढेच ते भांडे घेत. शौचाचे तर नावच काढीत नसत. दुखणे थांबण्यासाठी दिलेल्या गोळ्या, लोह आणि कॅल्शियम, तिन्हींनी मलावरोध वाढतो. त्यात पाणी नाही, हालचाल नाही. सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी पातळ शौचास होऊ लागले. थोडे थोडे, पण वारंवार, चादर डागाळेल इतके. त्याच सुमारास लघवीही आपोआप ठिबकू लागली. मी मनाशी निदान केले की जुलाब लागले आहेत आणि ताबा सुटला आहे. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणली, डायपरचा पुडा आणला, आणि प्रश्न सुटला असे समजून कचेरीत गेलो. त्या रात्री बापूजी बरळू लागले. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या शेठना हाका मारून गाठी मोजायला सांगत होते. आम्हांला वाटले, आता यांचे काही खरे नाही. पत्नीने नवकार म्हणायला सुरुवात केली.

आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहत. पहाटे त्यांना बोलावले. त्यांनी बापूजींचा सदरा वर केला, बेंबीखाली तळहात ठेवला आणि माझा हात धरून त्याच जागी ठेवला. आत नारळ असावा तसा घट्ट गोळा लागत होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे वाहत नाहीये. तुंबलंय."

हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितले आहे. मूत्राशयात साधारणपणे चारशे ते सहाशे मिलिलिटर लघवी मावते. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे, औषधामुळे किंवा मागे साचलेल्या मळाच्या दाबामुळे वाट अडली की मूत्राशय काठोकाठ भरते आणि मग टाकी भरून वाहावी तशी लघवी थेंबाथेंबाने बाहेर पडते. आपल्याला दिसतात ते थेंब, आत साठा तसाच असतो. मळाचेही तसेच. आतड्याच्या तोंडाशी वाळलेला खडा अडकला की मागचा पातळ भाग त्याच्या कडेने वाट काढून झिरपतो. पाहणाऱ्याला तो जुलाब वाटतो. त्यावर जुलाब थांबवणारी गोळी दिली की अडथळा आणखी पक्का होतो. मी नेमके तेच केले होते. वृद्ध माणसाच्या मेंदूला हा भार सोसत नाही आणि त्याला भ्रम होतो, तो आपण म्हातारचळ समजतो.

त्या सकाळी रुग्णालयात मूत्रमार्गातून नळी घातल्यावर अकराशे मिलिलिटर लघवी निघाली. अडकलेला मळ परिचारिकेने हाताने, थोडा थोडा करून काढला. हे काम घरी कोणी करू नये, कारण त्या जागी जोर पडला तर नाडी एकाएकी मंदावू शकते. तिसऱ्या दिवशी बापूजींनी मला ओळखले आणि घरखर्चासाठी बँकेतून पैसे काढलेस काय, असे विचारले.

सिस्टरांनी आम्हांला सर्वांत आधी शिकवली ती वही. रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी जो तक्ता असतो, तोच आपल्या भाषेत रोजमेळ. डाव्या पानावर जमा: पाणी, चहा, दूध, मुगाचे पाणी, सगळे मिलिलिटरमध्ये. उजव्या पानावर खर्च: लघवी किती, शौचास केव्हा व कसे. घरातले पेले-वाट्या एकदा मापून ठेवल्या की काम सोपे होते. डायपर वापरत असाल तर कोरे डायपर आणि ओले डायपर यांच्या वजनातील फरक घ्यावा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. आपल्यासारख्यांच्या घरी तराजूला तोटा नाही, मात्र यासाठी वेगळा ठेवावा. मळाचे वर्णन शब्दांत करायला संकोच वाटत असेल तर इंग्लंडमधील ब्रिस्टॉल येथील डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला सात प्रकारांचा तक्ता वापरावा. एक व दोन म्हणजे सुटे खडे किंवा खडे जोडल्यासारखा घट्ट मळ, तीन व चार म्हणजे ठीक, सातवा म्हणजे पाणी. वहीत नुसता आकडा लिहिला तरी डॉक्टरांना कळते. प्रौढ माणसाला एरवी दिवसाला एक ते दोन लिटर लघवी होते. चोवीस तासांत ती अर्ध्या लिटरच्या खाली आली तर वाट पाहत बसू नये.

जमेची बाजू आपल्या घरांत अधिक अवघड असते, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा वीसच्या सुमारास मावळतो. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणाऱ्या माणसाच्या पोटात त्या दिवसांत पावणेचौदा तास पाण्याचा थेंब जात नाही. उरतात सव्वादहा तास. डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दीड लिटर तरी पोटात जायला हवे, म्हणजे तासाला सुमारे दीडशे मिलिलिटर, एक लहान पेला. हे सहज जमते, मात्र मोजले तरच. सूर्यास्ताआधी घाईघाईने दोन तांबे रिचवले तर रात्रभर उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती. एरवी संध्याकाळनंतर पाणी कमी हा सल्ला रात्री वारंवार उठणाऱ्या वृद्धांना डॉक्टरही देतात, तेव्हा चौविहाराने या बाबतीत मदतच होते. दिवसाची जमा पुरी झाली पाहिजे, एवढेच. ज्यांना तेवढ्यानेही भागत नाही, ज्यांना ताप आहे किंवा लघवीची नळी लावलेली आहे, त्यांनी गुरुमहाराजांना विचारावे. पच्चक्खाणात आजारासाठी आगार ठेवलेला आहे. तो आपल्या पूर्वाचार्यांनी विचार करूनच ठेवला असणार.

दुसरी बाब पर्वतिथींची. आठम, चौदस आणि इतर तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते, पर्युषणात तर सलग आठ दिवस. ताटात डाळी, पापड आणि भात राहिला की चोथा कमी होतो. अंथरुणावरच्या माणसाला त्या दिवशी मोड न आणलेले सालीसकट मूग, जाड्या पिठाची भाकरी, भिजवलेल्या मनुका द्याव्यात. आणि इसबगोल! आपल्या प्रत्येक घरात त्याचा डबा असतो. इसबगोल पाणी शोषून फुगते, म्हणूनच ते गुणकारी आहे; पण सूर्यास्ताला दोन मिनिटे उरली असता दोन घोटांबरोबर घेतले तर ते आतच गोळा होऊन बसते. पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि खडा अडकल्याची शंका असेल तर मुळीच घेऊ नये. बापूजी ते रोज घेत होते आणि वरचे पाणी कुंडीत ओतत होते. एनिम्याचेही तसेच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून, डाव्या कुशीवर निजवून, कधी तरी ठीक. दर दोन दिवसांनी दुकानातून आणून स्वतःच्या मनाने देणे धोक्याचे आहे, विशेषतः मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे असेल तर. सर्दीच्या साध्या गोळीनेही प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

नळी दहा दिवस होती. फोले यांच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी आत एका लहान फुग्याने अडकलेली असते, त्यामुळे ती ओढली गेली तर इजा होते. म्हणून ती मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधावी. हात धुतल्याशिवाय तिला शिवू नये. बाहेर येते तेथील जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावी, आणि नळी व पिशवीचा सांधा उगाच उघडू नये. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. आमच्यासारख्या जुन्या चाळींत येथेच चूक होते. रुग्णाला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवताना उचलणारे ती पिशवी सोयीसाठी त्याच्या मांडीवर किंवा छातीवर ठेवतात आणि साचलेली लघवी उलट आत जाते. उतरवण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी व खुर्चीच्या पायाशी अडकवावी. पिशवीत काही तास काहीच उतरले नाही आणि ओटीपोट दुखते आहे, तर आधी नळी कोठे दुमडली आहे का ते पाहावे. नसेल तर डॉक्टरांना बोलवावे. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसले किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी थांबू नये.

नळी काढल्यावर सिस्टरांनी घड्याळ लावले. जागेपणी दर दोन तासांनी, लागली असो वा नसो, भांडे समोर धरायचे. "लागली का?" असे विचारायचे नाही, कारण उत्तर नेहमी "नाही" असेच येते. शौचासाठी न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांची वेळ ठरवली, कारण पोटात अन्न गेले की आतड्याला आपसूक चालना मिळते. निजूनच भांडे घ्यावे लागे तेव्हा स्टीलचे भांडे आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायचे, गुडघे दुमडून कंबर उचलायला लावायची, उशा लावून पाठ उंच करायची. उताणे निजून शौचास होणे निरोगी माणसालाही कठीण आहे, एकदा करून पाहावे. पुढे खाटेशेजारी खुर्चीचा कमोड आणला आणि पायांखाली लाकडी पाट ठेवला. पाट ठेवल्याने उकिडवे बसल्यासारखे होते. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घातले. पुष्कळ वेळा ताबा सुटलेला नसतोच, गाठ सुटलेली नसते.

त्वचेबद्दल थोडक्यात. ओल्या डायपरमध्ये तासन्‌तास ठेवलेल्या माणसाची कातडी प्रथम लाल होते, मग फुटते. डायपर ओले झाले की बदलावे, कोमट पाण्याने टिपून कोरडे करावे, घासू नये, जस्ताचे मलम लावावे, दर दोन तासांनी कूस बदलावी. स्त्रियांना स्वच्छ करताना हात नेहमी पुढून मागे जावा.

वापरलेल्या डायपरचे काय करायचे? घनकचरा नियमांनुसार ते गुंडाळून, बंद करून द्यायचे असतात. आपल्याकडे तर पाच समितींपैकी एक संपूर्ण समिती मलमूत्राच्या विसर्जनासाठीच आहे. कोठे टाकावे, कसे टाकावे, कोणा जीवाला बाधा होणार नाही हे कसे पाहावे, याचा विचार त्यात आहे. ती साधूंसाठी असली, तरी कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला आपल्या घरची घाण उघडी लागू नये, एवढे तिच्यातून आपण घेऊ शकतो.

नंदिषेण मुनींची कथा व्याख्यानात आपण सर्वांनी ऐकली आहे. अतिसार झालेल्या साधूला त्यांनी खांद्यावर घेतले, त्याने अंगावर घाण केली, तरी त्यांच्या मनात तिटकारा आला नाही. खांद्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. त्याआधी पारण्याचा पहिला घास तसाच ठेवून ते त्या साधूला स्वच्छ करण्यासाठी निर्दोष पाणी मिळावे म्हणून घरोघर हिंडले, ते कोणाला आठवत नाही. वैयावच्च म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तो पाण्याचा शोधच येतो.

ज्यांच्या घरी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलमार्ग काढलेला रुग्ण आहे, त्यांनी तर मुळीच संकोचू नये. परळला टाटा स्मारक रुग्णालयात ही पिशवी सांभाळायला शिकवणाऱ्या खास प्रशिक्षित परिचारिका आहेत. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे, पण तो माझा अनुभव नाही.

आता बापूजींच्या संकोचाविषयी. सिस्टर त्यांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितले, "ते तुमच्याकडे मागणार नाहीत. मागावं लागणार नाही असं काहीतरी करा." पत्नीने पेढीवरून बापूजींची जुनी टेबलावरची घंटी मागवून घेतली, वर टिचकी मारली की वाजणारी. घंटी वाजली की ती भांडे हाताशी ठेवून, पडदा ओढून गॅलरीत जाई. पुन्हा वाजली की येई. मध्ये एक शब्दही बोलावा लागत नसे. कुंडीतले झाड त्यानंतर महिन्याभरात वाळले.

वही प्रथम मी लिहीत असे. पंधरवड्याने बापूजींनी ती मागवली, चष्मा लावला आणि मंगळवारच्या बेरजेत चाळीस मिलिलिटरची चूक काढली. त्या दिवसापासून वही त्यांच्याकडे गेली. पहिल्या पानावर त्यांनी पेढीच्या वहीवर काढतात तशी 'श्री' काढली. चहाच्या नोंदीत साय उरली तर दहा वजा करीत.

चैत्रात मार्केटमधील दोन जुने स्नेही त्यांना भेटायला आले. गप्पा रंगल्या होत्या, कापसाच्या भावावरून वाद चालला होता. बोलता बोलता बापूजींनी हात लांब करून घंटी वाजवली. पाहुणे चपापून उठू लागले, तेव्हा म्हणाले, "बसा, दोन मिनिटं गॅलरीत बसा. पाच वाजलेत, माझी वेळ आहे." ते परत आत आले तोवर त्यांनी वही उघडून उजव्या पानावर २५० लिहिले होते, आणि कापसाचा भाव जिथे राहिला होता तिथूनच पुढे सुरू केला.